चूक कुणाची ते नंतर

गाडी कुणाचीही असो, रंगनाथ मिस्त्री आधी किल्ली मागून घेत. बॉनेट नंतर. किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकायची, खिशावर एकदा थोपटायचं आणि मालकाला समोरच्या बाकावर नेऊन बसवायचं, अशी त्यांची सुरुवात असे. हातात किल्ली असली की बंद गाडीचा मालक गप्प बसत नाही, पुन्हापुन्हा सेल्फ मारतो आणि बॅटरीत उरलासुरला जीव असतो तोही घालवतो, असं त्यांचं म्हणणं. "दवाखान्यात आणलेल्या माणसाला घरचे हलवू हलवू इचारतेत, कसं वाटतंय, कसं वाटतंय. त्यातला प्रकार हाय ह्यो," ते म्हणत.

तेलगावच्या फाट्यावर, माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. मी जवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, त्यामुळे ते मला 'काटेसाहेब' म्हणत. त्यात थोडी थट्टा असे, पण मला ती आवडायची.

मिस्त्री उंच होते आणि उभं आयुष्य बॉनेटखाली गेल्यामुळे मानेपासून पुढे झुकलेले. तोंडात कायम बडीशेप. आवाज असा, की फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही कुठल्या गाडीचं काय बिघडलंय ते कळावं. नम्रपणा त्यांच्या जवळपासही फिरकला नव्हता. "माझ्यासारखा कान अख्ख्या मराठवाड्यात न्हाई," हे ते रोज कुणाला तरी ऐकवत. गाडी लांबून येताना आवाजावरूनच सांगत, डायनामो चार्जिंग करत नाही. बरेचदा ते बरोबर निघे. नाही निघालं तर तेही तितक्याच मोठ्याने सांगत.

माजलगावच्या एका कापड दुकानदाराची गाडी त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत उघडली होती. डॅशबोर्ड बाहेर, सीटा बाहेर, वायरींचा पसारा रस्त्यापर्यंत. गाडी काही केल्या सुरू होईना. दुपारी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या. पसारा ओलांडताना त्यांनी सहज विचारलं, "तेल हाय का हिच्यात?" पेट्रोलचा काटा अडकून बसला होता, टाकी कोरडी होती. ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकली असेल. दर वेळी वहिनींचं वाक्य ते वहिनींच्या आवाजात म्हणत आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून हसत.

स्वतःच्या चुका अशा चारचौघांत सांगणारा हा माणूस दुसऱ्याच्या चुकीबद्दल मात्र काही ऐकून घेत नसे. एकदा एका पुढाऱ्याची मोठी पांढरी गाडी ऐन सभेच्या दिवशी दुकानासमोर येऊन बंद पडली. पुढारी ड्रायव्हरवर ओरडत होते, ड्रायव्हर गाडी धुणाऱ्याचं नाव घेत होता, कार्यकर्ते भोंगे बसवणाऱ्याला शिव्या देत होते. मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली.

"चूक कुणाची ते नंतर," ते म्हणाले. "करंट कुठं अडला ते आधी. तुमी समदे तिकडं सावलीत व्हा."

भोंग्यांसाठी ओढलेली वायर दाराच्या पत्र्यात चिरडली होती. ती काढली, गाडी सुरू झाली. पुढाऱ्यांनी काचेतून मान बाहेर काढली, "मग कुणी केलं हे, सांगा ना आता."

"गाडी चालू झाली न्हवं? जावा. लोकं वाट बघायलेत."

ते 'नंतर' कधीच यायचं नाही. आम्हा नेहमीच्या लोकांना ते माहीत होतं.

दुकानात शिरल्यावर समोर बाबासाहेबांचा फोटो होता, रोज पुसलेला. बाजूच्या भिंतीवर एका खिळ्याला जळलेल्या वायरींचा झुबका टांगलेला असे. वरचं प्लास्टिक वितळून एकमेकांत मिसळलेलं, मधून काळं पडलेलं तांबं दिसायचं. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हे काय. मिस्त्री हातातलं काम न थांबवता सांगत.

शिरूर कासारकडून ऊसतोडीची माणसं घेऊन एक जीप येत होती. तिचा फ्यूज सारखा उडायचा. फाट्यावर जीप थांबली, माणसं खोळंबली, मुकादम घाई करू लागला. मिस्त्रींनी फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा टाकून डायरेक्ट केलं. फ्यूज कशामुळे उडतोय ते शोधलं नाही. पुढे रस्त्यावर जीप पेटली. माणसं उड्या मारून वाचली, पण ड्रायव्हर बाबू बॉनेट उघडायला गेला आणि त्याचे दोन्ही तळहात भाजले.

"आजून मूठ वळत न्हाई त्याची," मिस्त्री सांगत. "चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. ती वायर मी टाकलती." एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागत. त्या दिवसानंतर त्यांनी कुठलीही गाडी डायरेक्ट केली नाही. कुणी कितीही पाया पडलं तरी नाही.

मला हे सगळं माहीत होतं. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी जे बोललो ते माहीत असूनच बोललो.

अश्विनी माझी मोठी मुलगी. तिची आरोग्य खात्याच्या भरतीची परीक्षा होती, केंद्र बीडला. वयाच्या अटीत बसणारी तिची ती शेवटची संधी. दिवसा शिकवण्या घेऊन, रात्री जागून तिने अभ्यास केला होता. आदल्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, पहिल्या एसटीनं जाऊ." मी म्हणालो, घरची गाडी असताना एसटीत कशाला उभं राहायचं. माझी गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण मी तिला जपत असे.

सकाळी किल्ली फिरवली तर पुढून नुसतं 'टक्' झालं. पुन्हा फिरवली. टक्. शेजाऱ्यांना बोलावून ढकलली, तर गचके देऊन थांबली. या गडबडीत पहिली एसटी निघून गेली आणि पुढची काही वेळेत पोचणारी नव्हती. मोटारसायकल पुतण्याने शेतावर नेली होती. शेवटी आम्ही गाडी ढकलत ढकलतच फाट्यावर आणली. अश्विनी इस्त्रीच्या कपड्यांत, पर्स गळ्यात अडकवून माझ्या बाजूने ढकलत होती.

मिस्त्री दुकानासमोर पाणी शिंपडत होते. त्यांनी बादली ठेवली, किल्ली घेतली, खिशावर थोपटलं.

"गेट कितीला बंद हुतं, बाई?" त्यांनी अश्विनीला विचारलं.

"साडेनऊला. नंतर कुणालाच आत घेत नाहीत, मामा."

"बस बाकावर. पानी पी."

त्यांनी दिवे लावून पाहिले, लख्ख होते. सेल्फ मारला, टक् झालं, दिवे तसूभरही मंद झाले नाहीत. "बॅटरी ठणठणीत हाय," ते म्हणाले. मग त्यांचा वायरी लावलेला छोटा बल्ब काढला आणि वाकून सेल्फच्या मोटरपर्यंत जाणाऱ्या वायरीला टेकवला. बल्ब लागला. करंट तिथपर्यंत पोचत होता आणि तरीही सेल्फ फिरत नव्हता.

एव्हाना पाचसहा माणसं जमली होती. काळीपिवळी जीप चालवणारा हमीद बॉनेटवर वाकून म्हणाला, "करंट येतोय ना मिस्त्री? मग पान्ना लावा, डायरेक्ट मारा, जाऊ द्या पोरीला."

"न्हाई."

"कावून न्हाई? एका ठिणगीचं काम हाय."

"तुझी जीप ने की मग बीडला."

"माझी माजलगाव लायनीला हाय. बीडचं परमिट न्हाई."

"मग गप ऱ्हा, बे."

मिस्त्रींनी फ्यूजची डबी उघडली. एकेक काढून उजेडात धरला, परत बसवला. सगळे चांगले होते. ते पुन्हा सेल्फकडे गेले, पुन्हा बल्ब लावला, पुन्हा फ्यूजकडे आले. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. एरवी त्यांचे हात बोलण्यापेक्षा पुढे असत. त्या दिवशी तोच फ्यूज ते परत परत काढत होते. अश्विनी बाकावर हॉलतिकिटाची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिची नजर रस्त्यावर. मला वाटलं, एसटीनं जाऊ म्हणाली होती. मीच ऐकलं नाही. हेच डोक्यात फिरत राहिलं आणि मग मी तोंड उघडलं.

"मिस्त्री, तुमची एक जीप जळाली म्हणून माझ्या पोरीचं आयुष्य जाळता का?"

हमीद बॉनेटवरून सरळ झाला. अश्विनी "पप्पा" एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी फ्यूजच्या डबीचं झाकण बसवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून माझ्यापुढे धरली. त्या दुकानात दुरुस्ती पूर्ण होण्याआधी मालकाच्या हातात किल्ली आलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बसा आत," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हेही मला तेव्हाच कळलं. "मी म्हणंल तवा सेल्फ मारा. थांब म्हणोस्तर सोडू नका."

मी बसलो. ते म्हणाले, "मारा." टक्. मी किल्ली तशीच फिरवून धरली. उघड्या बॉनेटच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. बल्ब बाजूला ठेवला होता. उघड्या तळव्याने ते एकेका भागाला हात लावत होते, तापाच्या पोराला बघावं तसा. एके ठिकाणी हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

"थांब. इकडं या."

मी गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझी बोटं एक्सिलेटरच्या केबलवर टेकवली. ती गरम होती. बंद गाडीतली, पायाने नुसती ओढायची तार, आणि चटका बसेल इतकी गरम.

"सेल्फला गेलेल्या करंटला वापस बॅटरीत जायाला वाट लागती," ते म्हणाले. "इंजिनापासून बॉडीला एक जाड पट्टी असती, तिच्यावरून त्यो जातो. ती वाट कुणीतरी बंद केली. म्हणून बिचारा ह्या तारंनं जायाला बघतोय. तिच्यानं किती जाणार? डायरेक्ट मारलं असतं तर लाल झाली असती. आन् बाजूनं पेट्रोलची नळी हाय."

हमीद एक पाऊल मागे सरला.

मिस्त्री खाली वाकले, हात घालून चाचपलं आणि ती पट्टी शोधली. पट्टीचं टोक बॉडीला जिथे बोल्टने आवळलं होतं, ती जागा काळी कुळकुळीत, चकचकीत होती. नवा रंग.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारं, गाड्या घासूनपुसून, रंग देऊन पूजेला ठेवतात. या वेळी मी बॉनेटखालचा गंजलेला पत्रा स्वतः रंगवला होता. नीट व्हावं म्हणून बोल्ट काढून, त्याच्याखालचासुद्धा. वाळल्यावर रंगावरच पट्टी ठेवून बोल्ट परत आवळला. वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा करंट जात राहिला आणि आज तोही थांबला.

"मिस्त्री," मी म्हणालो, "रंग मी दिलाय. दसऱ्याला. मीच—"

"चूक कुणाची ते नंतर. पॉलिश पेपर द्या तिकडचा."

मी दिला. त्यांनी बोल्ट सोडला, रंग खरवडला, पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. पट्टीचं टोकही घासलं. घाई कुठेच केली नाही आणि वेळही कुठे घालवला नाही. बोल्ट आवळून ते म्हणाले, "आता मारा."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

अश्विनी त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरले. "पेपर लिही आधी. मामाचे पाय कुठं पळून चाललेत?"

बीडपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. उसाच्या ट्रॉल्या आठवतात, त्या ओलांडताना अश्विनीने धरलेला दरवाजाचा दांडा आठवतो. केंद्रावर पोचलो तेव्हा गेटचं एक दार लावून झालं होतं, शिपाई दुसरं ओढत होता. ती पळत सुटली. त्या उरलेल्या फटीतून ती आत गेलेली मी पाहिली. त्यानंतरही बराच वेळ मी इंजिन बंद केलं नाही. बंद करायची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात गेलो. निकाल लागायचा होता, पेढ्यांना तसं कारण नव्हतं. मिस्त्री एका ट्रॅक्टरचा हॉर्न जोडत होते. भिंतीवर खिळा होता, त्याच्यावर झुबका नव्हता.

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून खिळ्याकडे बघत राहिलो. "काढला?"

"हं."

"मिस्त्री, मी काल जे बोललो ते..."

"चूक कुणाची ते नंतर, काटेसाहेब."

"नंतर म्हणजे कधी? दरवेळी तुम्ही असंच म्हणता. मी रंग दिला, मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही मला दोन शिव्या तरी द्या."

त्यांनी ट्रॅक्टरच्या हॉर्नची वायर दाताने सोलली. "गाडी बंद पडल्यावर बघू. सध्या चालू हाय न्हवं?"

"मी गाडीचं बोलत नाहीये."

त्यांनी मान वर केली. मग वायर खाली ठेवली. "तुमी बोललात त्यातलं अर्धं खरं होतं," ते म्हणाले. "मी काल तुमची गाडी बघतच नव्हतो. बाबूची ती जीप बघत होतो. करंट पोचतोय अन् सेल्फ फिरत न्हाई म्हणल्यावर मला अर्थिंग तवाच सुचाया पाहिजे होतं. ज्याला काई येत न्हाई त्यालाबी सुचतं. मी भ्यालतो. फ्यूज काढायचो अन् लावायचो. तुमी बोललात मग हात हालले."

"म्हणून काढला का तो?"

"भिंतीला टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, की मला वाटायचं झालं, फिटलं." त्यांनी पायाने टूलबॉक्स माझ्याकडे सरकवला. पान्ने, पक्कड, तो बल्ब, आणि त्यांच्या खाली तळाला वेटोळं करून ठेवलेला काळा झुबका. "आता लोकांला दिसत न्हाई. मला दिसतो, पान्ना काढताना."

मी पेढे पुढे केले. त्यांनी एक घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा वहिनींसाठी कागदात गुंडाळून ठेवला. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. माझं वाक्य मात्र फाट्यावर राहिलं. हमीदने ते दहा जणांना सांगितलं, आणि काही टवाळ पोरं मिस्त्रींना उशीर झाला की म्हणू लागली, "काय मिस्त्री, आयुष्य जाळता का आमचं?" मी असलो तर त्यांना रागवायचो, रंग मी दिला होता म्हणून सांगायचो. पोरांना त्यात रस नसायचा. मिस्त्री नुसते बडीशेप चावत राहायचे.

अश्विनीची निवड झाली. ती आता शिरूर कासारकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात आहे. नोकरीवर रुजू झाल्यावर ती पहिल्यांदा मिस्त्रींच्या पाया पडून आली. या वेळी ते मागे सरले नाहीत, असं तिने सांगितलं. तिने त्यांना बाबू ड्रायव्हरच्या हातांबद्दल विचारलं होतं आणि बोटांचे काही व्यायाम कागदावर चित्रं काढून दिले होते. "मामा स्वतः घेऊन जाणार म्हणाले," ती म्हणाली. गेले की नाही, मी विचारलं नाही.

पुढे त्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं. दुकान उघडायचे, पण कमी. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मी कारखान्याच्या कामासाठी बाहेरगावी होतो, शेवटचं दर्शनही झालं नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं.

माजलगावच्या धरणाजवळून मी परत येत होतो. रस्त्याच्या कडेला एक छोटी गाडी बॉनेट उघडून उभी होती. आतमध्ये एक म्हातारी बाई शाल गुंडाळून बसलेली, बाहेर तिची लेकरं असावीत असे दोघे पुरुष एकमेकांवर हातवारे करत होते. मधे रंगनाथ मिस्त्री वाकलेले. त्यांची स्कूटर बाजूला. बहुधा ते कुठेतरी चालले असताना थांबले होते. टूलबॉक्स पायाशी उघडा होता.

मी थोडं पुढे जाऊन गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. आरशात दिसत होतं. दोघांपैकी एकाचा आवाज चढला, दुसऱ्याने कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी मान वर न करता एक हात उंचावला, थांबा अशा अर्थी. मग त्या आवाज चढवणाऱ्याचं मनगट धरून त्याचा हात आत कुठेतरी नेऊन टेकवला. तो माणूस वाकून आत बघू लागला.

गाडी सुरू झाली. ते सगळे बसून निघून गेले. मिस्त्री एकटे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून टूलबॉक्स बंद करायला वाकले आणि तसेच थांबले. मान थोडी तिरकी केली. ते ऐकत होते. माझी गाडी लांब होती आणि त्यांची नजर कमी झाली होती, पण आवाज त्यांनी ओळखला.

मला वाटलं, उतरावं. परत एकदा बोलावं. दरवाजावर माझा हात होताही.

त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. आणखी थोडा वेळ ऐकलं. मग हात वर करून दोनदा पुढे हलवला, फाट्यावर ट्रकला बाजू देताना हलवायचे तसा. चालू आहे, जाऊ द्या.

मी गियर टाकला.